वचनाची मुदत आणि वस्तूचे आयुष्य

मोडलेली वस्तू दुरुस्त करावी की टाकून द्यावी, हा प्रश्न आपल्या घरांत नवा नाही. परंतु जी वस्तू मोडलेली नाही, जिचा एकही भाग निकामी झालेला नाही, जी कालपर्यंत जेवढे काम करीत होती तेवढेच आजही करते, अशी वस्तू केवळ तिच्या निर्मात्याने 'यापुढे आमची जबाबदारी नाही' असे जाहीर केल्याने निरुपयोगी ठरते काय? तसे जाहीर झाल्यावरही ती वापरात ठेवण्याचा, किंबहुना निर्मात्याची संमती नसताना तिच्यावर नवी व्यवस्था चढवून तिला पुन्हा कामाला लावण्याचा अधिकार मालकाला आहे काय? आणि असल्यास, त्या अधिकाराबरोबर कोणते कर्तव्य येते? आपल्या आजोबांना हा प्रश्न पडला नव्हता. तो संगणकाने आपल्यापुढे आणून ठेवला आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या आपल्या कार्यप्रणालीचे पाठबळ थांबवले. कार्यप्रणाली, म्हणजे जिला आपण सर्रास ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतो ती, संगणकाची कारभारीण होय. आपण टंकलेखन करतो, पत्रे धाडतो, छायाचित्रे साठवतो, बँकेचे व्यवहार पाहतो. ही कामे करणारे निरनिराळे प्रोग्रॅम आणि संगणकाची प्रत्यक्ष यंत्रसामग्री यांच्यामध्ये उभी राहून ज्याला जे हवे ते पुरवणारी व्यवस्था म्हणजे कार्यप्रणाली. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आली आणि पुढली दहा वर्षे घरांतून, शाळांतून, कचेऱ्यांतून तिने काम केले. तिच्यानंतरची विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आली. विंडोज १० वापरणाऱ्यांना ती विनामूल्य देऊ केली गेली, पण सर्वांना नव्हे. इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे, म्हणजे स्थूलमानाने २०१७ पूर्वीचे, जवळजवळ सर्व प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसलेले संगणक तिने दाराबाहेरच ठेवले. कॅनालिस या बाजारपेठेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये असा अंदाज वर्तवला होता की, या निर्णयापायी सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्याच्या वाटेला लागू शकतील.

अशा संगणकाच्या मालकापुढे काही वाटा उरतात. नवा संगणक घ्यावा; जुनाच आहे तसा वापरत राहावे; कंपनीने घातलेली अट चुकवून त्याच जुन्या संगणकावर विंडोज ११ चढवावी; किंवा लिनक्ससारखी दुसऱ्या कुळातली कार्यप्रणाली बसवावी. यांपैकी शेवटच्या दोन वाटांनी जाणारे लोक जगभर आहेत, आपल्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत आहेत, आणि आपल्या शेजारपाजारच्या हुशार मुलांतही आहेत. हे काम कसे करावे, हे सांगण्याचा येथे आमचा हेतू नाही. ते करणे कितपत उचित आहे, एवढेच आम्हाला पाहायचे आहे.

प्रथम, पाठबळ संपते म्हणजे नेमके काय संपते, हे समजून घेतले पाहिजे. कार्यप्रणाली ही माणसांनी लिहिलेली, कोट्यवधी ओळींची रचना असते. एवढ्या मोठ्या लिखाणात चुका राहणारच. त्यांतल्या काही चुका चोराला घरात शिरता येईल अशा फटीसारख्या असतात. चोर त्या शोधत असतात आणि कंपनीचे लोकही शोधत असतात. फट सापडली की कंपनी ती बुजवणारी दुरुस्ती पाठवते. मायक्रोसॉफ्टचा त्यासाठीचा नेहमीचा वार म्हणजे महिन्याचा दुसरा मंगळवार. पाठबळ संपते तेव्हा ही बुजवणी थांबते. १५ ऑक्टोबरच्या सकाळी विंडोज १० असलेला प्रत्येक संगणक आदल्या दिवसाइतकाच तत्परतेने सुरू झाला. यंत्र मेले नव्हते. एका वचनाची मुदत संपली होती.

हा भेद शाब्दिक नाही, याला पुरावा आहे. त्याच कंपनीने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, म्हणजे आणखी एक वर्ष, दुरुस्त्या देण्याची योजना जाहीर केली; त्यासाठी कोणी पैसे भरावेत, कोणी आपला संगणक कंपनीच्या खात्याशी जोडावा, असे पर्याय ठेवले. मोठ्या संस्थांना पैसे भरून तीन वर्षांपर्यंत मुदत वाढवून घेण्याची सोय दिली. विशिष्ट कामाच्या यंत्रांत बसवण्यासाठी म्हणून विंडोज १० ची जी एक खास आवृत्ती २०२१ मध्ये काढली गेली, तिला तर जानेवारी २०३२ पर्यंत पाठबळ देण्याचे त्यांनी मान्य केले आहे. जिचे आयुष्य शुल्क भरून वाढवता येते, ती वस्तू मेलेली नसते. तिची काळजी पुढे कोणी वाहायची आणि त्याचे मोल कोणी द्यायचे, एवढाच काय तो प्रश्न असतो.

निर्मात्याला दोष देणे सोपे आहे, आणि न्यायाने पाहता ते अपुरे आहे. कोणतेही वचन अनंत काळासाठी देता येत नाही. विंडोज एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी आली आणि ८ एप्रिल २०१४ पर्यंत, म्हणजे साडेबारा वर्षांच्या आसपास, तिला दुरुस्त्या मिळत राहिल्या. एवढा दीर्घ काळ पूर्वी विकलेल्या मालाची देखभाल करणारे व्यवसाय थोडे. पुन्हा, टीपीएमची अट निव्वळ लहरीने घातलेली नाही. ही सोय संगणकातील गुप्त किल्ल्या कार्यप्रणालीपासूनही अलग ठेवते, त्यामुळे चोर आत आला तरी तिजोरीची चावी त्याच्या हाती सहज लागत नाही. नव्या काळातील चोऱ्या पाहता अशी मागणी करण्यात शहाणपण आहे, हे मान्य केले पाहिजे.

तरीसुद्धा निर्मात्याचा प्रत्येक नकार एकाच जातीचा नसतो. आमच्या मते त्याचे तीन प्रकार आहेत आणि ते वेगळे ओळखता आल्याशिवाय या विषयात नीतीचा विचार करता येणार नाही.

पहिला नकार 'होणे शक्य नाही' असा. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीला प्रोसेसरच्या अंगी पॉपकाउंट नावाची एक आज्ञा पाळण्याची क्षमता असावी लागते. ती ज्यांच्यात नाही, अशा फार जुन्या प्रोसेसरांवर ही आवृत्ती सुरूच होत नाही. येथे कोणाची परवानगी मागण्याचा किंवा मोडण्याचा प्रश्न येत नाही. निसर्गाचे नियम मानावेत तसा हा नकार मानावा.

दुसरा नकार 'आम्ही हमी घेणार नाही' असा. सातव्या पिढीतील कितीतरी प्रोसेसर विंडोज ११ उत्तम रीतीने चालवू शकतात. त्यांच्यासोबतच्या अनेक संगणकांत टीपीएम २.० देखील आहे. तरी ते यादीत नाहीत. मात्र त्याच पिढीतील एका प्रोसेसरला अपवाद म्हणून यादीत घेण्यात आले, आणि तो प्रोसेसर मायक्रोसॉफ्टने स्वतः २०१८ मध्ये विक्रीस आणलेल्या सरफेस स्टुडिओ २ या संगणकात होता. त्याला लागणारी सहायक सॉफ्टवेअरे नव्या धर्तीची आहेत, असे कारण दिले गेले. ते खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ही रेघ धातूत कोरलेली नव्हती, ती माणसाच्या हाताने ओढलेली होती. आणि माणसाने ओढलेल्या रेघेला कारण विचारण्याचा हक्क दुसऱ्या माणसाला असतो.

तिसरा नकार 'आम्ही करू देणार नाही' असा. कित्येक मोबाइल फोनांत दुसरी कार्यप्रणाली बसवताच येऊ नये, अशी कुलपे कारखान्यातूनच घातलेली असतात. पहिल्या नकारापुढे आपण नमतो, दुसरा समजून घेतो. तिसरा मात्र आम्हाला अनुचित वाटतो. ज्याने वस्तूची पूर्ण किंमत मोजून घेतली आहे आणि वस्तूची काळजी वाहण्याचे सोडून दिले आहे, त्याने दुसऱ्याला ती काळजी वाहू न देणे हे न्यायाला धरून नाही. जबाबदारी सोडणाऱ्याने अधिकारही सोडला पाहिजे.

आता जुन्या संगणकावर अट चुकवून विंडोज ११ चढवणे हे कोणत्या सदरात मोडते? ते दुसऱ्या नकाराला वळसा घालणे होय. ही चोरी आहे काय, असा प्रश्न प्रामाणिक वाचकाच्या मनात येईल आणि तो यावा. आपल्या देशात विनापरवाना प्रती वापरण्याची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की, त्या सवयीचे या कृतीशी नाते जोडले जाणे स्वाभाविक आहे. पण दोन्ही गोष्टी एक नव्हेत. बनावट किल्लीने सॉफ्टवेअर उघडणारा माणूस दुसऱ्याच्या श्रमाचे मोल बुडवतो. ज्याच्याकडे विंडोज १० चा रीतसर परवाना आहे, त्याला विंडोज ११ साठी निराळी किंमत मागितलेलीच नाही; त्याने बुडवलेले असे काही नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टने स्वतःच काही काळ, टीपीएमची निदान जुनी १.२ आवृत्ती असलेल्या संगणकांसाठी, एक नोंद बदलून ही अट ओलांडण्याची रीत प्रसिद्ध केली होती. तिच्यासोबत इशारा होता की, अशा संगणकाला दुरुस्त्या मिळण्याचा हक्क राहणार नाही आणि काही बिघडल्यास हमी लागू होणार नाही. म्हणजे दार लोटलेले होते, त्यावर 'आत याल तर आपल्या जोखमीवर' अशी पाटी होती. ती पाटी वाचून आत जाणाऱ्याला आम्ही चोर म्हणणार नाही. परंतु पाटी वाचली आहे, हे त्याने विसरूही नये.

आणि येथेच खऱ्या प्रश्नाला आरंभ होतो. जोखीम 'आपली' असे म्हणताना ती खरोखर आपली एकट्याची असते काय?

आपल्याकडे पितळेच्या भांड्यांना कल्हई लावण्याची रीत होती. कल्हईवाला दारी येई, भाता फुंकून भांडे तापवी, नवसागराने आतला भाग स्वच्छ करी आणि कथलाचा पातळ थर फिरवी. काही महिन्यांनी तो थर झिजे. कल्हई उडाली म्हणून कोणी पातेले भंगारात घालत नसे. पातेले चांगलेच असे. परंतु तशा पातेल्यात ताक ठेवले तर ते कळकते, हेही घराघरांतल्या बायांना पक्के ठाऊक होते. म्हणून भांडे टिकवायचे ज्याने ठरवले, त्याने कल्हईची आठवणही ठेवायची, असा सरळ व्यवहार होता. तो मोडला तर त्याचे फळ फक्त भांड्याच्या धन्याला भोगावे लागत नसे. पंगतीला बसलेल्या पाहुण्याला पातेल्याचा आतला भाग दिसत नसतो. तो विश्वासाने वाटी पुढे करतो.

संगणकाच्या दुरुस्त्या म्हणजे अशीच कल्हई आहे. ती एकदा लावून भागत नाही. आणि तिच्याअभावी होणारे नुकसान शेजारी-पाजाऱ्यांपर्यंत पोहोचते, याची जाणीव १२ मे २०१७ रोजी साऱ्या जगाला झाली. त्या दिवशी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर प्रोग्रॅम पसरू लागला. तो एका संगणकात शिरला की जाळ्यातून आपोआप दुसऱ्याकडे जाई, त्यातील सर्व कागदपत्रे कुलूपबंद करी आणि सोडवणुकीसाठी पैसे मागे. दीडशे देशांत त्याची झळ पोहोचली. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील २३६ ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टांचे कामकाज विस्कळीत झाले; हजारो रुग्णांच्या ठरलेल्या भेटी आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या रुग्णाची शस्त्रक्रिया पुढे गेली, त्याने कोणताही संगणक जुना ठेवला नव्हता.

पण या घटनेतून केवळ 'जुने ते धोक्याचे' असा निष्कर्ष काढणारे अर्धेच सांगतात. त्या आरोग्यसेवेतील बहुतेक बाधित संगणकांवर विंडोज ७ होती. तिला तेव्हा पाठबळ होते. ती फट बुजवणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच, म्हणजे दोन महिने आधी, उपलब्ध झाली होती. ती बसवलेली नव्हती एवढेच. उलट एक्सपीचे पाठबळ तीन वर्षांपूर्वी संपलेले असूनही प्रसंगाचे गांभीर्य पाहून मायक्रोसॉफ्टने तिच्यासाठीही तातडीची दुरुस्ती काढली. म्हणजे वचन असूनही काळजी नव्हती तेथे घात झाला, आणि वचन संपले होते तेथेही कोणी काळजी घेऊ म्हणताच उपाय निघाला. यंत्राचे वय आणि यंत्राची निगा या दोन गोष्टी निराळ्या आहेत. नीतीचा संबंध दुसरीशी आहे.

हे सारे एका घरगुती उदाहरणात उतरवून पाहू. समजा, एका मावशींकडे दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आहे. त्यावर त्या निवृत्तिवेतनाचा हिशेब पाहतात, परदेशी असलेल्या मुलीशी बोलतात, नातवंडांची छायाचित्रे जपतात. पाठबळ संपल्याची सूचना पडद्यावर येऊ लागली तशा त्या घाबरल्या. नवा लॅपटॉप घ्यायचा तर दोन-तीन महिन्यांचे निवृत्तिवेतन जाणार. सुट्टीवर आलेल्या भाच्याने एका दुपारी अट चुकवून विंडोज ११ बसवून दिली. लॅपटॉप चालू लागला, सूचना थांबली, मावशींनी भाच्याला आशीर्वाद दिला. भाचा नोकरीवर आखातात परत गेला.

त्याने वाईट केले काय? मुळीच नाही. वृद्ध बाईचा खर्च वाचवला, चांगली वस्तू कचऱ्यात जाऊ दिली नाही. परंतु हे काम येथेच संपलेले नाही. असा संगणक महिन्याच्या दुरुस्त्या सामान्यतः घेत राहतो, पण कंपनीने त्याची हमी दिलेली नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, विंडोज ११ च्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीला घरगुती वापरासाठी २४ महिनेच पाठबळ असते, आणि यादीबाहेरच्या संगणकाला पुढली आवृत्ती सहसा आपण होऊन देऊ केली जात नाही. ती कोणीतरी मुद्दाम बसून चढवावी लागते. ते झाले नाही, तर दोन वर्षांच्या आत मावशींचा लॅपटॉप पुन्हा होता त्याच जागी येतो. फरक इतकाच की, पूर्वी त्यांना धोका आहे हे ठाऊक होते. आता त्या निश्चिंत आहेत. कल्हई उडाली आहे आणि पातेले बाहेरून चकचकीत आहे.

कंपनीने जे वचन खाली ठेवले, ते त्या दुपारी भाच्याने उचलले होते. त्याने ते उच्चारले नाही, कदाचित त्याच्या लक्षातही आले नाही. पण मावशींनी ते ऐकले. आमच्या मते या विषयातील सारी नीती या एका वाक्यात येते: जो दुसऱ्यासाठी मुदत संपलेली वस्तू चालती करतो, तो निर्मात्याच्या जागी उभा राहतो. कंपनीने दहा वर्षांनी तारीख जाहीर करून हात काढून घेतला, म्हणून आपण तिच्यावर रागावतो. आपण तर तारीख न सांगता हात काढून घेतो.

तेव्हा भाच्याने काय करावे? त्याने आयुष्यभर बांधून घ्यावे, असे कोणी म्हणणार नाही. पण चार गोष्टी तो करू शकतो आणि त्या कठीण नाहीत. केले ते काय आहे आणि त्यात कमी काय आहे, हे मावशींना त्यांच्या भाषेत सांगावे. छायाचित्रांची आणि कागदपत्रांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून द्यावी. पुढली आवृत्ती कोणत्या महिन्यापूर्वी चढवायला हवी, ती तारीख कागदावर लिहून लॅपटॉपच्या पिशवीत ठेवावी. आणि आपण दूर असू तेव्हा कोणाला हाक मारायची, त्याचे नाव सांगून त्या माणसालाही तसे कळवावे. एवढे केले की वळसा घालून केलेले कामही सरळ काम ठरते. एवढे न करता केलेला उपकार म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यात अडकवलेली जोखीम होय.

हेच माप स्वयंसेवकांच्या मोठ्या कामालाही लागू पडते. ॲपल कंपनीही आपल्या जुन्या मॅक संगणकांना काही वर्षांनी नव्या आवृत्त्या देणे थांबवते. अशा मॅकवर नव्या आवृत्त्या चालाव्यात म्हणून काही तरबेज मंडळींनी ओपनकोअर लेगसी पॅचर नावाचे साधन तयार करून विनामूल्य दिले आणि टाकून दिलेले असंख्य मॅक त्यामुळे पुन्हा कामाला लागले. मात्र जुन्या मॅकचा पडदा नीट चालावा म्हणून कंपनीने काढून टाकलेले भाग त्या साधनाला परत घालावे लागतात. त्यासाठी कार्यप्रणालीवरचे संरक्षणाचे मोहोर तोडावे लागते. आणि कंपनीची नवी दुरुस्ती आली की हा उपचार पुन्हा करावा लागतो. ही मंडळी हे सर्व उघडपणे लिहून ठेवतात, हे त्यांचे भूषण आहे. परंतु त्यांचे श्रमही अमर नाहीत. ॲपलने जून २०२५ मध्ये सांगून टाकले की, टाहो नावाची आवृत्ती ही इंटेल प्रोसेसरच्या मॅकसाठी अखेरची असेल. त्यापुढच्या आवृत्त्या इंटेलसाठी घडवल्याच जाणार नसतील, तर दुसरा नकार पहिल्या नकारात बदलतो आणि कितीही कौशल्य असले तरी वाट खुंटते.

मग लिनक्सचे काय? अट चुकवण्याचा प्रश्नच ज्यात येत नाही, अशी ती वाट आहे. लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली ज्याचा आरंभ केला, ते हे काम आज हजारो हातांनी चालते. त्याची मूळ लिखावट सर्वांना खुली आहे, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या संगणकांनाही त्यावर आधारलेल्या प्रणालींच्या नव्या आवृत्त्या रीतसर मिळतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या शासकीय संस्थेने याच पायावर बॉस नावाची कार्यप्रणाली घडवली, आणि तीत मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. ज्याचे काम लिहिणे, वाचणे, पत्रव्यवहार करणे आणि संगीत ऐकणे एवढेच आहे, त्याने हा मार्ग आधी पाहावा, असे आम्हाला वाटते.

पण लिनक्सवाले रेघ ओढतच नाहीत, असे समजू नये. टॉरवाल्ड्स यांनी आपले पहिले काम इंटेलच्या ३८६ प्रोसेसरवर केले. त्याच ३८६ चे पाठबळ डिसेंबर २०१२ मध्ये त्यांच्याच संमतीने लिनक्समधून काढण्यात आले. डेबियन या जुन्या आणि प्रतिष्ठित लिनक्स प्रणालीने ऑगस्ट २०२५ च्या आपल्या तेराव्या आवृत्तीत ३२ बिटांच्या जुन्या संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली. रेघ सगळेच ओढतात, कारण हात सगळ्यांचेच मोजके आहेत. भेद असा की, येथे लिखावट खुली असल्याने ज्याला तो भार पुढे वाहायचा आहे, त्याच्या आड कोणी येत नाही. निर्माता थांबतो, पण दुसऱ्याला थांबवत नाही. वचन मागे घेण्याची ही रीत आम्हाला अधिक सभ्य वाटते.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, ती दानाची. कचेऱ्यांतून आणि सुस्थित घरांतून निघालेले संगणक गरीब विद्यार्थ्यांना किंवा लहान शाळांना देण्याची चांगली प्रथा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने निघालेल्या २०२४ च्या जागतिक अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन विद्युत-कचरा निर्माण झाला आणि त्यांपैकी केवळ २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. उरलेल्यातला पुष्कळसा कोणाच्या तरी उघड्या हातांनी फोडला आणि जाळला जातो. एक संगणक पाच वर्षे अधिक चालला, तर तेवढा भार हलका होतो, यात शंका नाही. तथापि देणाऱ्याने स्वतःला एक प्रश्न विचारावा: मी संगणक देतो आहे की माझी अडगळ देतो आहे? पाठबळ संपलेले, पासवर्ड विसरलेले, आत कोणती कार्यप्रणाली आहे हेही ठाऊक नसलेले दहा संगणक शाळेच्या दारात उतरवले, म्हणजे आपले कपाट मोकळे होते, शाळेचे भरते. त्यांपैकी सहाच संगणक नीट निवडून, जुनी खाजगी माहिती पुसून, त्यांवर टिकेल अशी प्रणाली बसवून आणि वर्षातून दोनदा येऊन पाहण्याचे कबूल करून दिले, तर ते दान होय. गरिबाला जुने चालते, हे खरे. गरिबाला असुरक्षित चालते, हे मात्र आपण आपल्या सोयीसाठी समजून घेतलेले आहे.

आणि शेवटी सोडून देण्यातही नीती आहे. जी वस्तू आपण राखू शकत नाही, जिची काळजी घ्यायला कोणी उरलेले नाही, ती जाळ्यापासून तोडून केवळ लेखनासाठी ठेवावी. तेही नको असेल तर आतील माहिती पुसून अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावी. आपल्या देशात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी ही विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली आहे. 'जुने ते सोने' ही म्हण आम्हालाही प्रिय आहे. पण सोने जपावे लागते, ते उघड्यावर टाकून सोने राहत नाही.

आरंभीच्या प्रश्नांचे आमचे उत्तर आता देता येईल. निर्मात्याची घोषणा हा वस्तूवरील मृत्युलेख नव्हे. तो एका जबाबदारीचा राजीनामा आहे. राजीनामा देण्याचा त्याला अधिकार आहे, दुसऱ्याला ती जागा घेऊ न देण्याचा नाही. मालकाला आपली वस्तू चालती ठेवण्याचा अधिकार आहे. मात्र ती रिकामी जागा भरल्याशिवाय त्या अधिकाराला अर्थ नाही. जुन्या संगणकाला नवी कार्यप्रणाली देताना कौशल्य एका दुपारचे लागते, निष्ठा पुढच्या अनेक वर्षांची लागते. ज्याला दुपार देता येते आणि वर्षे देता येत नाहीत, त्याने ते आधी स्पष्ट सांगावे. ज्याला दोन्ही देता येतात, त्याने कोणाच्याही यादीची वाट न पाहता खुशाल कामाला लागावे.